नगरभवनाचे दार : अमेरिकेतील पालिका इमारतींमधील शस्त्रबंदीच्या वादाचा ऐतिहासिक मागोवा (१९७८ ते २०२२)

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थेची इमारत कार्यालय असते, तसेच सभागृहही असते. करभरणा, बांधकाम परवाना, पाण्याची जोडणी अशा कामांसाठी नागरिक तेथे येतो आणि त्याच वास्तूत तो आपल्या प्रतिनिधींना जाबही विचारतो. म्हणूनच तिचे दार सर्वांना उघडे असणे हे लोकशाहीचे लक्षण मानले जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या उघड्या दाराने गेल्या अर्धशतकात एक अवघड प्रश्न उभा केला. परवानाधारक नागरिक शस्त्रासह या दारातून आत येऊ शकतो काय, आणि त्याला मज्जाव करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

भारतीय अभ्यासकाला या वादाचे स्वरूप प्रथमदर्शनी अपरिचित वाटेल. भारतात शस्त्रे हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत मोडतो आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम देशभर लागू आहे. त्यामुळे शस्त्र बाळगण्याचे नियम करण्याचा प्रश्न येथील नगरपालिकेपुढे उभा राहत नाही. अमेरिकेत मात्र १७९१ साली स्वीकृत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख केला, नियमनाचा बराच भाग राज्यांकडे राहिला आणि राज्यांनी तो आपल्या शहरांना किती द्यावा हे राज्याराज्यांत वेगवेगळे ठरत गेले.

प्रस्तुत निबंधात या वादातील प्रमुख घटना व कायदे यांचा कालक्रमाने विचार केला आहे. या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ज्या हत्याकांडांनी हा वाद पेटविला त्यांतील मारेकरी दारावर अडविता येईल असा अनोळखी मनुष्य क्वचितच होता. दुसरी अशी की, वादाचे बाह्य रूप शस्त्राचे असले तरी त्याचा गाभा स्थानिक स्वराज्याच्या अधिकाराचा आहे.

दारातून आणि दार चुकवून

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि पर्यवेक्षक मंडळाचे सदस्य हार्वी मिल्क यांची हत्या झाली. पर्यवेक्षक मंडळ हीच त्या शहराची नगरपरिषद होय. मारेकरी डॅन व्हाइट हा त्याच मंडळाचा माजी सदस्य होता. त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला होता आणि पुन्हा नियुक्ती मिळावी असा त्याचा आग्रह होता. पूर्वी त्याने पोलीस खात्यात नोकरी केली होती. नगरभवनाच्या दाराशी धातुशोधक यंत्र होते. ते टाळण्यासाठी तो तळघराकडील खिडकीतून आत शिरला. वास्तूची माहिती असलेल्या माणसाने वास्तूचीच व्यवस्था चुकविली.

पंचवीस वर्षांनंतर, २३ जुलै २००३ रोजी, न्यूयॉर्कच्या नगरभवनात परिषद सदस्य जेम्स डेव्हिस यांच्यावर परिषदेच्या सभागृहाच्या सज्जात गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी त्यांचा राजकीय प्रतिस्पर्धी होता आणि त्या दिवशी त्यांचा पाहुणा म्हणून आत आला होता. परिषद सदस्यांना धातुशोधक यंत्रातून जावे लागत नसे. ती सवलत सदस्यासोबत आलेल्या पाहुण्यालाही मिळाली. डेव्हिस हे माजी पोलीस अधिकारी होते आणि त्यांच्याजवळही शस्त्र होते. सभागृहात साध्या वेशात असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मारेकरी ठार झाला. या घटनेनंतर महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी लोकप्रतिनिधींची सवलत रद्द करून आपणांसह सर्वांना तपासणी लागू केली.

७ फेब्रुवारी २००८ रोजी मिसूरी राज्यातील सेंट लुईसजवळच्या कर्कवुड या लहान शहरात परिषदेची सभा चालू असताना गोळीबार झाला. दोन पोलीस अधिकारी, दोन परिषद सदस्य आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे संचालक असे पाच जण त्या रात्री मृत्युमुखी पडले. जखमी महापौर माइक स्वोबोडा यांचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निधन झाले. मारेकरी हा शहरातील एक कंत्राटदार होता. पालिकेने केलेल्या दंडांवरून त्याचा परिषदेशी दीर्घकाळ संघर्ष चालू होता आणि सभांत गोंधळ घातल्याबद्दल त्याला शिक्षाही झाली होती. आपल्या भाषणस्वातंत्र्यावर गदा आली, असा दावा त्याने संघीय न्यायालयात केला होता. तो या घटनेच्या थोडे दिवस आधी फेटाळला गेला. त्याने सभागृहाबाहेर एका पोलीस अधिकाऱ्याला ठार केले, त्याचे पिस्तूल घेतले आणि मग तो सभेत शिरला.

मिसूरीत २००३ साली राज्यपालांचा नकाराधिकार डावलून कपड्यांआड शस्त्र बाळगण्याचा परवाना देणारा कायदा झाला होता. त्याच कायद्याने स्थानिक संस्थांच्या सभांत शस्त्र नेण्यास मनाई केली होती. आपल्या इमारतींत मर्यादा घालण्याची मुभाही स्थानिक संस्थांना होती. परवानाधारक सदस्याला मात्र त्या मनाईतून वगळले होते. म्हणजे कर्कवुडमध्ये नियम होता, सभागृहात सशस्त्र पोलीसही होता, तरी अनर्थ टळला नाही. शस्त्रबंदीच्या विरोधकांनी यातून नियमाची निष्फळता दाखविली. समर्थकांनी दाराशी तपासणी नसल्याकडे बोट दाखविले. वस्तुतः या प्रसंगाने उभयपक्षांच्या युक्तिवादाची मर्यादाच उघड केली.

राज्य आणि शहर

या घटना घडत असतानाच दुसरीकडे एक कायदेविषयक प्रवाह बळावत होता. शस्त्रनियमनाचे क्षेत्र राज्याने स्वतःकडे राखून ठेवावे आणि शहरांनी त्यात पडू नये, अशा आशयाचे कायदे एकामागून एक राज्यांत झाले. इंग्रजीत त्यांना 'प्रिएम्प्शन' या संज्ञेने ओळखतात. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे कमीअधिक प्रमाणात आहेत. त्यांच्यामागे एक गंभीर तर्क आहे. एकाच राज्यात गावागणिक नियम बदलला तर कायदा पाळू इच्छिणारा परवानाधारक प्रवासात नकळत गुन्हेगार ठरेल, असा तो तर्क होय. सॅन फ्रान्सिस्कोने १९८२ मध्ये शहरात पिस्तूल बाळगण्यावरच बंदी घालणारा नियम केला. मॉस्कोनी यांच्यानंतर महापौरपदी आलेल्या डायॅन फाइनस्टाइन यांच्या पुढाकाराने झालेला हा नियम न्यायालयाने राज्याच्या कायद्याशी विसंगत म्हणून त्याच वर्षी रद्द केला. ज्या शहराने आपल्याच नगरभवनात महापौर गमावला, त्या शहरालाही आपल्या हद्दीपुरता निर्णय घेता आला नाही.

पालिका इमारतींच्या बाबतीत राज्यांनी निरनिराळे मार्ग स्वीकारले. इलिनॉय राज्याने २०१३ साली कपड्यांआड शस्त्र बाळगण्यास परवानगी देतानाच स्थानिक संस्थांच्या ताब्यातील इमारती त्यातून वगळल्या. तेथे शहरांना वेगळा नियम करण्याची आवश्यकताच उरली नाही. कॅन्ससने त्याच वर्षी उलट मार्ग घेतला. प्रत्येक सार्वजनिक प्रवेशद्वाराशी धातुशोधक यंत्र व पहारेकरी ठेवले असतील तरच पालिकेला परवानाधारकास अडविता येईल, केवळ दारावर पाटी लावून अडविता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. सुरक्षायोजना तयार करणाऱ्या संस्थांना काही वर्षांची सूट मिळू शकत होती. या अटीत तर्क आहे, कारण पाटी हल्लेखोराला अडवीत नाही. परंतु तिचा आर्थिक भार मोठा आहे. दोनचार कर्मचाऱ्यांच्या बळावर चालणाऱ्या लहान गावाच्या पालिकेला प्रत्येक दाराशी यंत्र व पहारा परवडत नाही. त्यामुळे शस्त्रबंदी हा व्यवहारात सधन शहरांपुरता पर्याय ठरतो.

फ्लोरिडाची तरतूद सर्वांत कठोर ठरली. तेथे १९८७ पासूनच हे क्षेत्र राज्याकडे राखीव होते. २०११ च्या दुरुस्तीने राज्याच्या कायद्याविरुद्ध नियम करणाऱ्या स्थानिक लोकप्रतिनिधीला व्यक्तिशः पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि पदच्युती या शिक्षा ठरविल्या. त्यानंतर शहरांना आपले जुने नियम पुस्तकांतून आणि भिंतींवरून काढून टाकावे लागले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये या शिक्षा वैध ठरविल्या. गंमत अशी की, स्थानिक संस्थांच्या सभांत कपड्यांआड शस्त्र नेण्यास फ्लोरिडाच्या कायद्यानेच मनाई केली होती. म्हणजे सभागृहातील शस्त्रबंदी राज्याला अमान्य नव्हती, ती शहराने ठरवावी हे मात्र अमान्य होते. या वादाचा गाभा येथे उघड होतो.

व्हर्जिनियाचा अनुभव

व्हर्जिनिया राज्यात 'डिलनचा नियम' प्रचलित आहे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ साली मांडलेल्या या तत्त्वानुसार राज्याने स्पष्टपणे दिलेले अधिकार आणि त्यांना आनुषंगिक असलेले अधिकार एवढेच नगरपालिकेजवळ असतात. त्यात शस्त्रनियमनाला प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या कायद्याची भर पडली. परिणामी तेथील शहरांना आपल्या कार्यालयात येणाऱ्या परवानाधारक नागरिकाला अडविता येत नव्हते. सेवानियमांद्वारे केवळ आपल्या कर्मचाऱ्यांना मनाई करता येत होती.

३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहराच्या पालिका संकुलातील दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत पालिकेच्याच एका अभियंत्याने बारा जणांची हत्या केली. मृतांत अकरा कर्मचारी आणि परवान्याच्या कामासाठी आलेला एक कंत्राटदार होता. मारेकऱ्याने त्याच दिवशी सकाळी राजीनामा पाठविला होता आणि कर्मचारी म्हणून मिळालेले प्रवेशपत्र त्याच्याजवळ होते. सेवानियमानुसार त्याला शस्त्र आणण्यास मनाई होती. एका पक्षाने म्हटले की, या मनाईने निरपराध कर्मचाऱ्यांचे हात बांधले. दुसऱ्या पक्षाने म्हटले की, शहराला संपूर्ण बंदीचा अधिकारच नसताना दाराशी तपासणी कशाच्या आधारे करावी?

राज्यपाल राल्फ नॉर्दम यांनी ९ जुलै २०१९ रोजी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलाविले. रिपब्लिकन बहुमताने ते सुमारे दीड तासात निर्णयाविना तहकूब केले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत आले. त्यानंतर राज्यातील शंभराहून अधिक कौंटी, शहरे व गावांनी आपण दुसऱ्या घटनादुरुस्तीचे आश्रयस्थान आहोत, असे ठराव केले. राज्याच्या महाधिवक्त्यांनी या ठरावांना कायद्याचे बळ नाही, असे मत दिले. २० जानेवारी २०२० रोजी रिचमंड येथे सुमारे बावीस हजार लोकांनी निदर्शने केली. अखेर त्याच वर्षीच्या अधिवेशनात झालेल्या आणि १ जुलै २०२० पासून अमलात आलेल्या कायद्याने पालिका इमारती, उद्याने आणि परवानगी घेऊन होणारे कार्यक्रम यांपुरता बंदीचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. प्रवेशद्वारी सूचना लावणे बंधनकारक झाले. अलेक्झांड्रिया शहर आणि फेअरफॅक्स कौंटी यांनी लवकरच तो वापरला. ग्रामीण भागातील अनेक संस्थांनी तो वापरला नाही.

या घटनाक्रमातील विरोधाभास लक्षणीय आहे. शहरांनी बंदी घालू नये म्हणून आजवर राज्याच्या सर्वश्रेष्ठतेचा आधार घेणाऱ्यांनीच आता राज्याविरुद्ध स्थानिक इच्छेचा ध्वज उभारला. स्थानिक स्वराज्याचे तत्त्व उभयपक्षांनी सोयीनुसार स्वीकारले आणि सोयीनुसार सोडले. तरीही २०२० चा कायदा या तत्त्वाच्या अधिक जवळ जातो, कारण त्याने बंदी लादली नाही, ती करण्याचा वा न करण्याचा निर्णय गावाकडे सोपविला.

न्यायालयांची भूमिका

२००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्राचा हक्क वैयक्तिक असल्याचे मान्य केले. मात्र शाळा व शासकीय इमारती यांसारख्या संवेदनशील जागांतील मनाईविषयी त्या निकालाने शंका घेतली नाही. २०१० च्या मॅक्डोनल्ड खटल्याने हा हक्क राज्ये व शहरे यांच्याविरुद्धही लागू केला. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात नियमाला ऐतिहासिक परंपरेचा आधार असावा, अशी कसोटी आली आणि विधानसभागृहे, मतदानकेंद्रे व न्यायालये ही अशा परंपरेची उदाहरणे म्हणून सांगितली गेली. नगरपरिषदेचे सभागृह या मालिकेत सहज बसते. पालिकेचे ग्रंथालय किंवा पाणीपट्टीची खिडकी बसते काय, हा प्रश्न या निकालाने थेट सोडविला नाही. म्हणून घटनेने अशी बंदी संभवनीय ठरविली तरी ती करण्याचा अधिकार कोणाचा, हे राज्याचा कायदाच ठरवितो.

समारोप

या इतिहासातून काही निष्कर्ष हाती येतात. डॅन व्हाइट, डेव्हिस यांचा पाहुणा आणि व्हर्जिनिया बीचचा अभियंता हे तिघेही कोणत्या ना कोणत्या अर्थाने घरचे होते. कर्कवुडचा मारेकरी परिषदेला वर्षानुवर्षे परिचित होता. परक्याला अडविणारी व आपल्याला सोडणारी तपासणी ही सुरक्षेपेक्षा प्रतिष्ठेची व्यवस्था होते. न्यूयॉर्कने २००३ मध्ये लोकप्रतिनिधींची सवलत काढून घेतली, ती या वादातील सर्वांत साधी व सर्वांत न्याय्य सुधारणा म्हणावी लागेल.

दुसरा निष्कर्ष सभेच्या स्वरूपाशी संबंधित आहे. सशस्त्र श्रोत्यांसमोर सामान्य नागरिक निर्भयपणे बोलू शकेल काय, ही समर्थकांची शंका रास्त आहे. प्रत्येक दाराशी पहारा बसला तर पालिका नागरिकाला आपली वाटेल काय, ही विरोधकांची शंकाही रास्त आहे. या दोहोंचा समतोल सॅन फ्रान्सिस्कोत आणि कॅन्ससच्या खेड्यात एकच असणार नाही. तो साधण्याचे काम त्या त्या सभागृहात बसणाऱ्या आणि तेथे बोलावयास येणाऱ्या लोकांचे आहे. ज्या राज्यांनी हा निर्णय गावाकडून काढून घेतला, त्यांनी शस्त्राचा वाद मिटविला नाही. त्यांनी तो नगरभवनातून उचलून राजधानीत नेऊन ठेवला, आणि ज्यांच्या दाराचा तो प्रश्न होता त्यांना त्या चर्चेतून बाहेर ठेवले.