फॉरमॅट मारला, तरी जोशी जागेवरच!

"कॉम्प्युटर चालू होत नाही? फॉरमॅट मारावा लागेल." हे वाक्य ऐकलं नाही असा कॉम्प्युटरवाला सापडणं कठीण. आमच्या भाट्याहून सीपीयू उचलून, पूल ओलांडून रत्नागिरीत न्यायचा, तर तिथेही हाच उतारा. या उताऱ्याचा इतिहास मात्र मजेशीर आहे. आणि थोडा रडवणाराही.

१९९० साली भारतात एक व्हायरस सापडला. नाव काय, तर 'जोशी'! ५ जानेवारीला कॉम्प्युटर चालू केला की 'हॅपी बर्थडे जोशी' टाईप करा असा हुकूम स्क्रीनवर यायचा आणि मशीन तिथेच अडून बसायचं. मुकाट्याने शुभेच्छा टाईप केल्या की गाडी पुढे.

हे जमायचं कसं? मशीन चालू झालं की आधी बायोस मेमरी, कीबोर्ड वगैरे तपासतो. मग डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाईट, वाचून सगळा कारभार त्याच्या हाती देतो. त्यात काय लिहिलंय याची चौकशी तेव्हा कुणी करत नसे. जोशी नेमका तिथे बसायचा, म्हणजे डॉसच्याही आधी. आत यायचा तो ड्राईव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवरून. 'नॉन-सिस्टम डिस्क' हा मेसेज वाचून आपण फ्लॉपी काढेपर्यंत पाहुणा हार्ड डिस्कवर पोचलेला असायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करूनही तो मेमरीत टिकायचा.

आता खरी गंमत बघा. डॉसची फॉरमॅट कमांड सी ड्राईव्ह रिकामा करते, पण हार्ड डिस्कचा हा पहिला सेक्टर सी ड्राईव्हच्या बाहेर असतो! म्हणजे पोराचा प्रोजेक्ट गेला, दुकानाचा हिशेब गेला, आणि जोशी जागेवरच.

खरा उपाय साधा होता. मशीन पूर्ण बंद करायचं, राईट-प्रोटेक्ट केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून चालू करायचं आणि फक्त तो सेक्टर दुरुस्त करायचा. पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात गिऱ्हाइकांच्या मशीनवरचे व्हायरस काढायला टूल्स तयार केली. त्यातूनच पुढे 'क्विक हील' उभं राहिलं.

आणि ती पहिल्या सेक्टरची चौकशी? घरगुती कॉम्प्युटरवर ती सर्रास व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं. विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' आलं आणि कारभार सोपवण्याआधी सही तपासली जाऊ लागली.

तेव्हा मंडळी, कुणी फॉरमॅट म्हणालं की आधी विचारा, गाडी अडली कुठे? बायोसपाशी, डिस्क सापडण्यापाशी, की विंडोज लोड होताना? डिस्क जिवंत असेल तर लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून मशीन चालू करून आधी फोटो बाहेर काढा. फॉरमॅट काय, कुठे पळून जात नाही!