पाच सुया आणि एक शब्द

गेले आठ महिने दर शनिवारी मी अ‍ॅक्युपंक्चरच्या वर्गाला जातेय. घरात सरावासाठी रबराचा एक कान आलाय. लेक त्याला 'कानोबा' म्हणते!

झालं असं, की २२ वर्षं फिजिओथेरपी केल्यावर मीच कोलमडले. झोप नाही, डोकं सतत दुखतंय, समोर पेशंट आला की चिडचिड. रिपोर्ट सगळे नॉर्मल. एका मैत्रिणीने कानात सुया टोचून घ्यायला नेलं आणि त्या खुर्चीत मी चक्क पाऊण तास झोपले. म्हटलं, हे शिकायचंच. पण शिकता शिकता सुया राहिल्या बाजूला, मी त्यांच्या इतिहासातच अडकले.

माझी समजूत, की हे सगळं हजारो वर्षांचं चिनी ज्ञान. आपल्या डॉ. कोटणीसांच्या पथकातले डॉ. बसू चीनमध्येच अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात आणलं, एवढं वाचलेलं होतं. पण माझ्या कानोबावरचा नकाशा मुळात फ्रेंच निघाला! जुन्या चिनी ग्रंथांत कानाचे तुरळक उल्लेख आहेत, पण कान म्हणजे उलटं झोपलेलं बाळ ही कल्पना पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरची, १९५०च्या दशकातली. चिन्यांनी ती लगेच उचलली.

पुढचा टप्पा हाँगकाँग, १९७२. डॉ. वेन नावाचे न्यूरोसर्जन एका अफूबाज पेशंटला शस्त्रक्रियेआधी सुया टोचून वीज देत होते, ती वेदना कमी व्हाव्यात म्हणून. पेशंट म्हणाला, माझी तलफच गेली.

ही बातमी पोचली न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये. तिथल्या लिंकन हॉस्पिटलचा एक भाग १९७० साली यंग लॉर्ड्स आणि ब्लॅक पँथर्सच्या कार्यकर्त्यांनी ताब्यात घेऊन व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. हेरॉइन सोडवायला मेथाडोन द्यायचं, म्हणजे एक नशा काढून दुसरी लावायची, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून सुया. पुढे तिथल्या डॉ. मायकेल स्मिथ यांनी कानातल्या पाच जागा ठरवल्या. मी आज गिरवतेय त्या ह्याच पाच.

आता गंमत बघा. त्याच शहरात, त्याच काळात, हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसतज्ज्ञ दिवसभर आपलं क्लिनिक करून रात्री मोफत दवाखान्यात जायचे. तिथे येणारी पोरंही बरीचशी नशेतली. एकदा कुटुंबासोबत सहलीला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेचना. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि नाव दिलं बर्नआउट. शब्द मूळचा नशेबाजांच्या बोलीतला!

म्हणजे माझ्या दुखण्याचं नाव आणि त्यावरचा उपाय, दोन्ही व्यसनी माणसांच्या अवतीभवती, एकाच गावात घडलेले. त्यांची गाठ मात्र सावकाश पडली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर मॅनहॅटनच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये त्याच पाच सुया ताणासाठी दिल्या गेल्या, मदतीला धावलेल्यांना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनाही. टोचणारेच आता खुर्चीत बसले.

इथवर वाचून मी खूश होते. मग सरांनी २००२चा एक अभ्यास वाचायला दिला. कोकेनचे ६२० रुग्ण. काहींना खऱ्या जागी सुया, काहींना भलत्याच जागी, काहींना नुसतं शांत बसवून व्हिडिओ. कोकेन तिन्ही गटांत थोडं कमी झालं. फरक काहीच नाही.

दोन दिवस मी कानोबाला हात लावला नाही. मग मी झोपले कशाने? सुयांनी, की २२ वर्षांत पहिल्यांदाच पाऊण तास कुणी मला हाक मारली नाही म्हणून?

सरांना विचारलं. ते म्हणाले, "पेशंटला सांगताना 'ताण बरा होतो' म्हणू नका. 'बरं वाटू शकतं' म्हणा."

तेवढं मला म्हणता येईल असं वाटतंय. परवा धाकटी जाऊ आली होती, शाळेत शिकवते. रात्री दोनला जाग येते म्हणाली. तिला सगळं सांगितलं, त्या ६२० जणांसकट. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, टोचा तर खरं. आणि तेवढा वेळ पोरांना बाहेर ठेवा."