वाया गेलेले हंगाम

मार्च २०२० मधली गोष्ट. माझ्या मित्राचा मुलगा तेव्हा म्युनिकला शिकत होता. करोनाने एकेक देश बंद व्हायला लागला होता, आणि या पठ्ठ्याला दुःख कशाचं, तर तिथल्या बर्फावरच्या हॉकीचं! जर्मनीतल्या सर्वांत वरच्या लीगने १० मार्चला हंगाम मधेच संपवून टाकला. साखळी सामने झालेले, म्युनिकचा संघ गुणतक्त्यात पहिला, फक्त बाद फेरी उरलेली. ती झालीच नाही. त्या वर्षी कुणीच विजेता नाही. "काका, अख्खा सीझन वाया गेला हो," फोनवर म्हणाला.

मी "होतं असं" म्हणून समजूत काढली. डोळ्यांसमोर मात्र आला तो आंबेगाव तालुक्यातला माझ्या मामाचा गोठा. तिथे तेव्हा ओळीने सहावा हंगाम वाया चालला होता.

जुन्नर-आंबेगावकडचा नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे बैलगाड्याची लीग नाही आणि गुणतक्ताही नाही. वेळापत्रक ठरवतो तो पंचांगातला देव. पौष पौर्णिमेला थापलिंगचा खंडोबा, मग माघातल्या यात्रा, आणि चैत्र-वैशाखात तर गावोगाव. मृगाचा पाऊस आला की हंगाम संपला. शर्यत घाटात होते. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल, मागची जोडी जुकाटाला, पुढची कांडाला, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. प्रत्येक गाडा एकटाच पळतो, त्याची ती बारी. शत्रू एकच, घड्याळ. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. ठरलेल्या सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यामुळे एका यात्रेत पहिले नंबर कितीतरी! बाहेरच्याला हसू येतं. पण अशाने पुष्कळ घरी मान जातो, आणि गावकीत ते फार महत्त्वाचं असतं.

आता हंगाम कसे गेले ते. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना निघाली. ज्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह आधीपासून होते. त्यात बैल घातला गेला. बिबट्या आमच्या उसात राहतोच, पण त्याच्या पंगतीला बैल बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी योग्य ठरवली आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने, जलिकट्टूच्या निकालातच, तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने सूट दिली. थापलिंगची यात्रा तोंडावर आलेली, गाडे रंगवायला काढले. पाचच दिवसांत, १२ तारखेला, स्थगिती! २०१७ मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने त्यालाही थांबवलं. पुढच्या वर्षी सगळं प्रकरण घटनापीठाकडे गेलं. मामा वकिलांपेक्षा जास्त तारखा पाठ म्हणून दाखवायचा.

मामाने २०१३ च्या दिवाळीनंतर बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातून एक आदत खोंड आणलं होतं. खिल्लार, पांढरंशुभ्र, नाव सोन्या. वर्षभर तयारी करून २०१५ च्या चैत्रात त्याला कांडाला धरायचा बेत होता. त्याआधीच निकाल आला.

माणसाचं एक वेळ ठीक आहे. मुलगा हॉकी बघायला पुढच्या वर्षी पुन्हा जातो. बैलाचं तसं नाही. आदत, दुसा, चौसा, मग दात जुळले की उमेदीची पाच-सहा वर्षं. कोर्टातली एक तारीख पुढे गेली की त्याचा एक हंगाम गेला. २०१५ ते २०२१, सात हंगाम. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी घाट न बघताच म्हातारी झाली. वादात दोन्ही बाजू बैलाच्याच नावाने बोलत होत्या, पण हे गणित मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

बरं, विकावा तर कुणाला? डिंभे, येडगाव, माणिकडोहचं पाणी आलं तसा शेतात ट्रॅक्टर आला. नांगर गेला, मोट तर केव्हाच गेलेली. बैलाला उरलेलं एकच काम म्हणजे यात्रेतला घाट. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे पळवता येत नाही, जुंपायला काम नाही, बाजारात गिऱ्हाईक नाही. मामाने सोन्याला ठेवला. रोज पेंड, रोज खरारा, महिन्याकाठी खर्च. मामी म्हणायची, "जावई पोसलाय."

पण एक गोष्ट लपवली तर हा लेख खोटा होईल. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी घाट बघितलेत. पराणीच्या टोकाला खिळा असायचा. शेपटी पिरगाळायचे, दाताने चावायचे. बैलाच्या पुठ्ठ्यावरचं रक्त भंडाऱ्याखाली दिसत नसे, इतकंच. पराणी एकदा मामाच्याही हातात होती. कोर्टात गेलेल्यांना आमच्या गावात फार शिव्या बसल्या, पण त्यांनी सांगितलेलं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. २०१७ च्या कायद्याने बैलाला इजा करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. बंदी आली नसती तर ही अट आम्ही आपणहून घातली असती का? मला नाही वाटत.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींवर परवानगी दिली. आंबेगावातल्या लांडेवाडीत १ जानेवारीचा मुहूर्त ठरला, आणि आदल्या संध्याकाळी करोनामुळे तोही रद्द! शेवटी ११ फेब्रुवारी २०२२ ला लांडेवाडीच्या घाटात गाडे पळाले. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि प्रश्न मिटला.

२०२२ च्या चैत्रात मी मामाच्या गावच्या यात्रेला गेलो. गाड्याला भावकीतलं नवं खोंड होतं. पराणी नव्हती, खाली पशुवैद्यकाचं टेबल होतं. मामाने सोन्यालाही आणलं होतं, झूल घालून, कपाळाला भंडारा लावून. दहा-अकरा वर्षांचा बैल, आता पळायचा नाही. बाभळीखाली बांधला होता. निशाण पडलं, भिर्रर्र झाली, सगळा माळ ओरडला. सोन्याने मान वर करून एकदा घाटाकडे बघितलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

"त्याला काय माहीत," मामा म्हणाला. मग बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आमच्या गाड्याची बारी आली तरी तिथून हलला नाही.

आमचा गाडा दुसऱ्या नंबरात आला. असो.