गोठ्याचे रंग

शिरोली पुलाची हे आमचं गाव, पण बाहेरची माणसं आता एमआयडीसीची शिरोली म्हणूनच ओळखतात. फाउंड्र्या उभ्या आहेत तिथं रानं होती आणि रानात बैल होते, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गावचा इतिहास दप्तरात असतो, तसा तो गोठ्यातही असतो. जनावरांचे रंग बघितले की कुठला काळ चाललाय ते कळतं.

पहिला काळ पांढऱ्या खिलारीचा. आटपाडी-म्हसवडकडच्या माणदेशी मुलखातली ही जात. चपळ, काटक, लांब शिंगांची. पण नुसतं ‘पांढरा’ म्हणून कुणी थांबत नसे. अंगावर काळसर झाक असली तर कोसा. डोळ्याला काजळ घातल्यागत दिसला तर काजळी. भुरका तो हरण्या, कपाळावर टिका तो चांद्या, अंगावर पट्टे तो बांड्या. ढवळ्या-पवळ्या ही नावंही रंगाचीच. ढवळ्या पांढरा, पवळ्या पोवळ्यासारखा तांबूस. “कुणाचा बैल शिरलाय रं उसात?” अशी बांधावरनं हाक आली, तर “वरल्या आळीचा बांड्या” एवढं उत्तर पुरायचं. कोंडवाड्यातनं जनावर सोडवतानाही आधी खूण सांगावी लागायची.

खिलारीचं वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या टाळूवर विटकरी झाक असते. काही महिन्यांत ती जाते. आमची आजी म्हणायची, “वासराचं जावळ उतरलं.” या पांढऱ्या रंगाला अर्थ होता. वरचे पांढरे केस ऊन परतवतात आणि खालचं काळं कातडं उरलेल्या उन्हापासून जपतं. भर दुपारी औत ओढणाऱ्या बैलाला हेच पाहिजे.

कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट रानाला मात्र थोराड बैल लागायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांगलीसारख्या दक्षिण मराठा संस्थानांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि इथली म्हैसुरी वळणाची जनावरं यांच्या मिश्रणातनं ‘कृष्णा खोरे’ ही जात घडवली. तीही पांढुरकीच. तिकडं लातूरकडच्या देवणीत तर रंगावरनंच तीन प्रकार पडले: सगळी पांढरी ती बालंक्या, तोंड काळं ती वानेरा, अंगभर काळे ठिपके ती शेवेरा.

रंगाचा जाचही होता. बाजारात दलाल चुकीच्या जागचा भोवरा नाहीतर एखादा डाग दाखवायचा आणि ‘अपशकुनी’ म्हणून भाव पाडायचा. बैल कामाला वाघ असला तरी शेतकरी गप बसायचा.

मग दूध आलं. १९६३ साली गोकुळ दूध संघ झाला, १९७० पासून देशभर दूधमहापूर सुरू झाला. ट्रॅक्टरनं बैल हटवला आणि गोठ्यात काळी-पांढरी होल्स्टिन शिरली. डेअरीत फॅट बघतात, रंग कोण बघतो? दहा-वीस हजाराचा हप्ता फिटला, पोरं शिकली ती या दुधावर, हे नाकारून चालणार नाही. पण काळी पाठ ऊन ओढते; उन्हाळ्यात गाय धापा टाकते, दूध आटतं, मग पंखे आणि ओली पोती. खरं तर तिचे ठिपकेही बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकीचे वेगळे. पण त्यांना नाव द्यायची सवयच राहिली नाही. आता तिच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे.

शर्यतींवर २०१४ साली आलेली बंदी उठली आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतीचे कायदे वैध ठरवले. मैदानात पुन्हा कोसा, काजळी, हरण्या हे शब्द ऐकू येतात. बरं वाटतं. पण शर्यतीला खोंड लागतो आणि खोंड गाईच्या पोटी येतो. दिवसाला दोन-तीन लिटर देणारी खिलार गाय डेअरीच्या हिशोबात बसत नाही. ती सांभाळणारं घर मिळालं, तर हे रंग राहतील. नाहीतर शब्द राहतील आणि दाखवायला जनावर नसेल.