करवीर कुणाचे?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा एखादी पाककृती द्यावी असे प्रथम मनात आले होते. परंतु २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या सुमारास मंडळात रोज एकच प्रश्न ऐकू येत असे : "आपण उत्तरेत की दक्षिणेत?" एकाच भिशीत बसणाऱ्या आम्ही भगिनी, पण निम्म्या कोल्हापूर उत्तरच्या व निम्म्या कोल्हापूर दक्षिणच्या मतदार! ही रेघ कोणी व का ओढली, हे सांगावे म्हणून हा लेख.

आपल्या जिल्ह्याला मतदारसंघ ही गोष्टच मुळी नवी आहे. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलुखात होती. तेथील अटींत बसणाऱ्या स्त्रियांना मत देता आले. हाकेच्या अंतरावरचे कागल मात्र कोल्हापूर संस्थानातील जहागीर. तेथील बाई कितीही शिकलेली असली तरी त्या निवडणुकीत तिला स्थान नव्हते. जबाबदार राज्यपद्धतीसाठी १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदी मंडळींनी प्रजा परिषद उभी केली, ती ह्याच उणिवेपोटी.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानचा रायबागकडील मुलूख बेळगाव जिल्ह्याला गेला आणि उरलेल्याचा कोल्हापूर जिल्हा झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते. हा प्रकार मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातला. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो. तिकडे स्वतःचेच घ्यायची चोरी!

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका आपल्याकडे आला आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. चंदगडच्या ज्या मतदारांनी १९५२ साली बेळगाव जिल्ह्यातून मत दिले, त्यांनी १९५७ साली ते कोल्हापूर जिल्ह्यातून दिले. घर तेच, चूल तीच, जिल्हा तेवढा बदलला. त्याच १९५७ च्या निवडणुकीत कोल्हापूरच्या लोकसभा मतदारसंघाला दोन जागा होत्या व प्रत्येक मतदाराला दोन मते. भाऊसाहेब महागावकर आणि शंकरराव दिगे असे दोघे एकाच मतदारसंघातून दिल्लीला गेले. १९६१ च्या कायद्याने ही दुहेरी पद्धत बंद झाली.

आता आपल्या पिढीने पाहिलेली गोष्ट. १९७८ पासून महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८ आहेत. त्या जिल्ह्याजिल्ह्यांत लोकसंख्येप्रमाणे वाटावयाच्या. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे एका जागेमागे पावणेदोन लाख माणसे. आपल्या जिल्ह्यात साडेवीस लाखांच्या आसपास वस्ती. भागाकार केला की पावणेबारा येतात. जागा मिळाल्या १२. २००१ मध्ये राज्य ९ कोटी ६९ लाखांवर गेले आणि जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार पडू लागले. आपण ३५ लाख २३ हजार झालो होतो. भागाकार आला साडेदहाच्याही किंचित खाली. जागा झाल्या १०. आपला जिल्हा वाढलाच, पण ठाणे अधिक वेगाने वाढले. त्यांच्या जागा १३ वरून २४ झाल्या. पंगत वाढली आणि लाडू तेवढेच राहिले, की कुणाच्या तरी पानातला उचलावा लागतो. तो आपल्या पानातला गेला ह्याचे वाईट वाटते, परंतु हिशेब चुकीचा होता असे मला म्हणवत नाही.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची ही नवी रचना २००८ साली अमलात आली व २००९ ची निवडणूक तीनुसार झाली. पन्हाळा, सांगरूळ, वडगाव, गडहिंग्लज ही नावे यादीतून गेली. पन्हाळा तालुका शाहूवाडी व करवीर ह्यांत वाटला गेला, गडहिंग्लज कागल व चंदगडमध्ये, आणि आजरा तालुक्यातले उत्तूर कागलला जोडले गेले. लोकसभेच्या यादीतून इचलकरंजी जाऊन हातकणंगले आले व त्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही बसले.

सर्वांत गमतीची गत झाली करवीरची. करवीर म्हणजे अंबाबाईचे क्षेत्र, म्हणजे हे आपले शहरच. आमचे बिऱ्हाड कळंब्याच्या वाटेवर. २००४ साली मी 'करवीर' मतदारसंघात मत दिले. माझे माहेर पश्चिमेला, 'सांगरूळ'मध्ये. २००९ साली मी 'कोल्हापूर दक्षिण'ची झाले आणि वहिनींचा फोन आला, "वन्सं, ऐकलंत का? आता आम्ही करवीरचे!" नव्या करवीरमध्ये गगनबावड्यापर्यंतची खेडी आहेत आणि अंबाबाईचे देऊळ मात्र 'कोल्हापूर उत्तर'मध्ये! सासूबाई तर मतदान केंद्रावर यादीत 'करवीर' शोधीत उभ्या राहिल्या व शेवटी रांगेतल्या एका मुलीने त्यांना समजावून सांगितले. घरी आल्यावर म्हणाल्या, "माहेर बदललं तेव्हासुद्धा एवढा गोंधळ झाला नव्हता."

भगिनींनी हे सारे ध्यानात घ्यावे, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या भागातून १९६७ साली विजयमाला राणीसाहेब लोकसभेवर गेल्या, १९९९ व २००४ मध्ये इचलकरंजीतून निवेदिता माने गेल्या. चंदगडमधून संध्यादेवी कुपेकर व कोल्हापूर उत्तरमधून २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव विधानसभेत पोहोचल्या. आणखीही काही जणी झाल्या, पण दहा-बारा जागांच्या जिल्ह्याला एवढ्या वर्षांत ही संख्या थोडीच. २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती होऊन लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा मंजूर झाल्या. पण त्याच दुरुस्तीत अट घातली गेली, की त्यानंतरच्या जनगणनेवरून मतदारसंघांच्या सीमा आखल्या गेल्यावरच ते आरक्षण लागू व्हावे. म्हणजे आपल्या जागा त्या रेघेलाच बांधल्या गेल्या.

सीमा आखताना आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागविण्याची पद्धत आहे. २००८ च्या आधी असा मसुदा निघाला तेव्हा आमच्या घरात तो कुणीही वाचला नाही, मीसुद्धा नाही. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मला आधी कळवा, वन्सं. आमचं गाव कुठं घालतात ते बघायला मी स्वतः येते."