दोन टाके, नऊ महिने

1948 साल. मुरबाडजवळच्या पाड्यावर, भात कापून रिकाम्या झालेल्या शेतात हुतुतू रंगलाय. चढाई करून परतताना तुझा पाय रुततो, अंग वळतं आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. रात्रीतून गुडघा टम्म सुजतो. हाडवैद तेल चोळून बांबूच्या कामट्या बांधतो. हाड मोडलं असतं तर कामट्यांचा उपयोग झालाही असता. पण तुझं लिगामेंट तुटलंय, सांध्यातली गादी (मेनिस्कस) फाटलीय. काही आठवड्यांनी तू चालतोस, मात्र बांधावरून उतरताना गुडघा दगा देतो. मुंबई गाठलीस तरी सर्जन सांधा उघडून अख्खी गादी काढणार. आणि याच वर्षी फेअरबँक नावाचा इंग्रज सर्जन एक्स-रे दाखवून सांगतोय की, गादी काढलेला सांधा पुढे झिजतो!

जरा मागे चल, 1918च्या टोकियोत. केंजी ताकागी मूत्राशयाची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघतोय. क्षयाने आखडलेल्या गुडघ्यांची त्याला चिंता आहे, कारण जपानी माणूस जमिनीवर बसतो. उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या शहापूरकरणीला ही चिंता समजावून सांगायला नको. 1962 मध्ये त्याचा शिष्य मासाकी वातानाबे बास्केटबॉल खेळणाऱ्या 17 वर्षांच्या मुलाच्या गादीचा फक्त फाटका तुकडा दुर्बिणीतून काढतो.

आता आजच्या टेबलावर ये. पाठीत इंजेक्शन दिलंय, कमरेखाली बधिर आहेस, पण जागा. वाटीच्या दोन बाजूंना सेंटीमीटरभर छिद्रं; एकातून 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यारं. सलाइनने सांधा फुगवलाय. पडद्यावर पांढरीशुभ्र कूर्चा दिसते, कडेला गादीची चिंधी हलतेय. तिला टाके पडतात. मग मांडीमागचा कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी तो ओवतात.

एक-दोन दिवसांत घरी. शेजारी म्हणतात, “दुर्बिणीचं ना? आठवड्यात उठशील.” घोळ इथेच होतो. बाहेरचे टाके दोन-चार, आतलं काम मोठं. आई मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. उशी टाचेखाली घे, मांडीचा स्नायू आवळून गुडघा अंथरुणाकडे दाब. कंटाळवाणं आहे, पण अर्धं यश यातच आहे. पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं असेल, तर पौषात म्हशाच्या जत्रेला तू छान चालत जाशील. दुखणार नाही, मित्र मैदानात बोलावतील. हाच काळ सगळ्यात धोक्याचा. नवा कंडरा उपटून लावलेल्या भाताच्या रोपासारखा असतो: रक्तपुरवठा नव्याने धरेपर्यंत कमजोर. कबड्डी किमान नऊ महिन्यांनी, तीही दोन्ही पायांची ताकद तपासून. म्हणजे येत्या आवणीला चिखलात उतरायचं नाही, हे घरच्यांना आधीच सांग.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. व्यायामासाठी कल्याणला कोण नेणार, कमोडची खुर्ची कुठून आणणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरव.