बिननावाचं तट्टू

माझ्या आठवणीत आमच्या उत्रोलीला घोड्यांचा बाजार कधी भरला नाही. तरी घोडी विकली जायची, ती वाटेवर. दिवाळी सरली की भीमा-नीरेच्या खोऱ्यातले धनगर मेंढरं घेऊन भोरवरून वरंधा घाटानं कोकणात उतरायचे. घोडीच्या पाठीवर वाघर, भांडीकुंडी, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बांधून बसवलेलं लेकरू. रानात तळ पडला की आमचा आजा तिथं जाऊन बसायचा.

"पाव्हणं, ही घोडी देता का?"

"न्हाय आबा, हिच्यावर पोरं बसत्यात. हिचं शिंगरू घ्या."

मग आजा दात बघायचा. समोरचे दोन पक्के दात आले म्हणजे अडीच वर्षं, चार म्हणजे साडेतीन, जबडा भरला की पाच. त्यानंतर भोवरे. गळ्याला देवमण असला की जनावर घरी बरकत आणतं, ही समजूत. शेवटी रुमालाखाली बोटं धरून किंमत. जात मात्र कुणी विचारायचं नाही. सगळे म्हणायचे 'तट्टू'.

या तट्टाचा इतिहास मोठा आहे. आखातातून आलेले अरबी घोडे चौल-दाभोळच्या बंदरांत उतरत. त्यांचा आणि इथल्या काटक तट्टांचा संकर होऊन भीमेच्या काठी भीमथडी जात घडली, असं मानतात. उंची जेमतेम सव्वाचार फूट; पण थोड्या चाऱ्यावर डोंगर चढणारं जनावर. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची चाकरीच अडायची. त्यामुळे घोड्याची पारख ही त्याच्या पोटाची गोष्ट होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. तट्टू उरलं ते धनगराच्या बिऱ्हाडाखाली.

बाजार मात्र चालू राहिले. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला, मार्गशीर्षात नांदेडकडं खंडोबाच्या माळेगावला, दिवाळीत अकलूजला. तिथं कानाची टोकं एकमेकांना भिडलेला मारवाडी, काठियावाडी, गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा यांच्याभोवती गर्दी. वरातीला, नाचवायला तेच लागतात. रंग आणि उंची बघून आकडा लाखांत जातो. सव्वाचार फुटी तट्टाकडं कोण बघणार?

इथंच खरं नुकसान होतं. ज्याला नाव नाही त्याला भाव नाही. भाव यावा म्हणून मग घोडीला उंच जातीचा वळू दाखवतात. शिंगरू देखणं निपजतं, चार पैसे जास्त येतात. पण ओझं घेऊन घाट चढायचं बळ त्यात उतरेलच असं नाही. अशी दोन-तीन पिढ्यांत जात विरून जाते, आणि विकणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही.

अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. बरं झालं. पण त्याच वेळी धनगराचं बिऱ्हाड पिकअपमध्ये चढू लागलंय. कागदावर नाव आलं, तेव्हा पाठीवरचं ओझं उतरत चाललेलं.

जात राखली ती ना सरदारांनी, ना बाजारानं. "ही द्यायची न्हाय, हिच्यावर पोरं बसत्यात" असं म्हणून चांगली घोडी मागं ठेवणाऱ्या माणसांनी राखली. त्यांना ती पाळणं परवडलं, तरच त्या नोंदीला अर्थ.